कार्तिकातली दुसरी भर

गोंदियातल्या ज्या महाविद्यालयात दामिनी कापगते एकोणीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवत आली, तेथून सर्वांत जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही तिचे सगळे संशोधन समुद्रावरचे. ती नोकरीला लागली त्या वर्षी स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत विचारले होते, "मॅडम, समंदर इथे कुठून आणणार?" समुद्र आणावा लागत नाही, मोजावा लागतो, आणि आपण बसलो आहोत त्या खोऱ्याचे पाणी शेवटी तिकडेच जाते, असे तिने शांतपणे सांगितले. विचारणाऱ्याने चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

तिचे काम सांगायला सोपे आणि करायला चिवट होते. बंगालच्या उपसागराचे संगणकात लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी किती उष्ण, किती खारट, कोणत्या दिशेने वाहते, याची गणिते मांडायची. नद्यांचे गोडे पाणी कोणत्या महिन्यात किती येऊन मिसळते तेही त्यात घालायचे, आणि मग हा कागदी समुद्र खऱ्या समुद्रासारखा वागतो का ते पाहत बसायचे. हे ती समुद्रकाठच्या एका संस्थेत सहा वर्षे शिकली. तिथे राहिलीही असती. पण गावी, केशोरीला, वडिलांना अर्धांगवायू झाला, धानाची शेती आणि आजारी माणूस आईच्या एकटीच्या अंगावर आले, आणि दामिनी परतली. वडील चार वर्षांनी गेले. तोवर गोंदियातली नोकरी कायम झाली होती, लग्नाचे राहून गेले होते, आणि समुद्र संगणकातून ये-जा करण्याइतका जवळ आला होता.

एकोणीस वर्षांत तिचे अकरा शोधनिबंध छापून आले. मोठ्या संस्थांतली माणसे वर्षाला तेवढे लिहितात, हे तिला माहीत होते. त्यांतले दहा निबंध जगातल्या इतर संशोधकांनी मिळून एक्याण्णव वेळा आधाराला घेतले होते. उरलेला एकटा निबंध मात्र दोनशे अडुसष्ट वेळा. महाविद्यालयात याला सायटेशन म्हणत आणि त्याचा आकडा दामिनीपेक्षा कैलाश शर्मांना अधिक तोंडपाठ होता. ते वाणिज्य विभागाचे. पदोन्नतीच्या फाइली त्यांच्याकडे असत.

"मॅडम, दो सौ अडसठ!" ते व्हरांड्यातूनच ओरडत. "हमारे पूरे डिपार्टमेंट का मिला के चौदह है. त्यातले नऊ माझे मीच दिलेले. तुम्ही प्रोफेसर नाही होणार तर कोण होणार?"

ती हसे आणि वर्गात जाई. पण तो आकडा तिलाही आवडत असे. आठवड्यातून एकदा ती पाहत असे, वाढला का.

तो निबंध जन्मला त्याची हकिकत अशी. गोदावरीच्या मुखाशी पावसाळा संपल्यावरही समुद्राचा वरचा थर अपेक्षेहून अधिक दिवस गोड राहतो, असे प्रत्यक्ष मोजमापे सांगत होती; तिच्या संगणकातल्या प्रारूपात मात्र तो लवकर खारा होई, आणि ते जास्तीचे गोडे पाणी येते कुठून हे कुणाला सांगता येत नव्हते. दामिनी तलावांच्या मुलखातली. वैनगंगेच्या खोऱ्यातले हजारो लहान तलाव पाणी अडवतात आणि धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी सोडतात; शेतातून ओघळलेले ते पाणी नाल्याला, नदीला आणि पुढे गोदावरीला मिळते. पण असल्या गावतलावांची नोंद ठेवतो कोण? विचारत विचारत ती नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या चोरखमाऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात पोचली. तिथे बकाराम रहांगडाले नावाचे गृहस्थ गावतलावाचे पाणी वाटून देण्याचे काम करत. दसऱ्याला पाणी सोडण्याचे दार उघडले, ज्याला तिकडे तुडूम म्हणतात, की ते कार्तिक संपेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी तलावाच्या बांधाजवळच्या, म्हणजे पाळीजवळच्या, दगडी खांबावर पाण्याची उंची पाहत आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत हात-बोटांच्या मापाने लिहून ठेवत. अशा बावीस वर्षांच्या बावीस वह्या.

दामिनीने उजव्या पानांवरचे तक्ते छायाचित्रांत उतरवून घेतले. डाव्या पानांवर कुणाचे पाणी कुणी तोडले, कोण कुणाशी भांडले, असला मजकूर होता. तो तिने सोडून दिला. तिथींच्या इंग्रजी तारखा केल्या, आकडे मांडले, आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून मांडून पाहिले. तलाव दसऱ्यानंतर उतरत होता, हे ठीकच. पण कार्तिकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा चढत होता. बावीसपैकी एकोणीस वर्षे. पाऊस नसताना! नागझिऱ्याच्या जंगलात मुरलेले पाणी उशिरा पाझरून येत असावे, तलाव दुसऱ्यांदा भरत असावेत आणि मग दुसऱ्यांदा खाली सोडत असावेत, असा तर्क तिने मांडला. ते पाणी तिने प्रारूपात घातले, आणि गोदावरीच्या मुखाशी समुद्र खरोखरच तेवढे दिवस गोड राहिला. हीच ती कार्तिकातली दुसरी भर. निबंधाच्या शेवटी आभारांत बकाराम रहांगडाले यांचे नाव होते. छापील प्रत घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी गेली होती.

त्यानंतर ब्राझीलच्या, व्हिएतनामच्या, बांगलादेशाच्या लोकांनी आपापल्या नद्यांसाठी दुसऱ्या भरीचा आधार घेतला. कुणी तपासून पाहिले नाही, कारण तपासायला कुणाकडे वह्या नव्हत्या.

गेल्या वर्षीच्या थंडीत ती पुन्हा त्या खेड्यात गेली ती रुचीसाठी. रुची पटले तिची विद्यार्थिनी. तिरोड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि तीन वर्षांपासून दामिनीच्या मार्गदर्शनाखाली दुसऱ्या भरीवरच प्रबंध लिहीत होती. प्रबंधाच्या परिशिष्टात मूळ नोंदींची चित्रे हवीत, असे समितीने सुचवले होते. बकाराम चार वर्षांपूर्वी वारले होते. वह्या त्यांच्या सुनेकडे, पुष्पाबाईंकडे होत्या.

रुचीच्या स्कूटीवर दोघी सकाळी निघाल्या. जंगलाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या उघड्या गाड्या त्यांना धूळ खायला घालून पुढे गेल्या.

पुष्पाबाईंनी ओसरीवर चटई टाकली. "या बाई. लय दिवसानं आल्या. बाबाजी असते तं खुश झाले असते."

"वह्या आहेत ना, पुष्पाबाई?"

"आहेत ना बाप्पा. उंदरानं सोडल्या तेवढ्या आहेत." त्यांनी पत्र्याची पेटी ओढत आणली. "माझा पोरगा म्हने, रद्दीत दे. मी म्हटली, त्या गोंदियाच्या बाईचं त्याच्यावर नाव झालं, रद्दीत कायले देतेस?"

रुचीने या वह्या पूर्वी पाहिल्या नव्हत्या. तीन वर्षे तिने काम केले ते दामिनीने करून दिलेल्या इंग्रजी तारखांवर आणि सेंटिमीटरांवर. आता ती मांडी घालून बसली आणि एकेक पान मोबाइलमध्ये टिपू लागली. उजवे पान, डावे पान, दोन्ही. मध्येच तिला हसू आले.

"मॅडम, हे ऐका. 'कार्तिक बदी अमावस. दिवारी. आज तुडूम बंद. आपला भुरा बैल सांजपासून दिसत नाही.' बैलाचं पण लिहून ठेवलं बाबाजीनं."

"पुन्हा वाच," दामिनी म्हणाली.

"भुरा बैल सांजपासून..."

"बैलाच्या आधीचं."

"कार्तिक बदी अमावस. दिवारी."

"दिवाळी आश्विनातल्या अमावस्येला असते, रुची."

"तुमची आश्विनात, मॅडम. आमची कार्तिकात." रुची अजून हसतच होती. "दिवस तोच. नाव वेगळं. आमच्याकडे जबलपूरचं पंचांग राहते ना घरी. महिना पुनवेला संपते. आधी अंधाराचा पंधरवडा, मंग उजेडाचा..."

ती थांबली. बोलता बोलता तिच्याच लक्षात आले. तिने मोबाइल खाली ठेवला.

दामिनी केशोरीची, कोहळी समाजाच्या घरातली. तिच्या घरी भिंतीवर मराठी पंचांग असे. त्यात महिना अमावस्येला संपतो. आधी शुद्ध, मग वद्य. तिने चौदा वर्षांपूर्वी वहीतली 'कार्तिक बदी' पाहिली तेव्हा ती कार्तिक वद्य समजली आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात टाकली. बदी आणि सुदी हे शब्दही तिला खटकले नव्हते. इकडची बोली, एवढेच वाटले होते. पण बकाराम आणि रुची यांच्यासारख्या पोवारांच्या घरची कार्तिक बदी म्हणजे मराठी आश्विन वद्य. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. तलाव नुकता सोडायला घेतलेला, अजून भरलेला. ते भरलेले पंधरा दिवस तिने उचलून महिनाभर पुढे, तलाव उतरल्यानंतरच्या दिवसांत नेऊन ठेवले होते. साहजिकच तलाव चढलेला दिसला.

तिने वही हातात घेतली. बदीची पाने आधी, सुदीची नंतर. हे, आणि आश्विन वद्याची पाने नसणेही, तिने तेव्हा पाहिले होते आणि एक तळटीप लिहिली होती: वहीची पाने शिवताना मागेपुढे झाली असावीत, काही गळाली असावीत. आता तिने शिवण निरखून पाहिली. दोरा मूळचाच होता, एकही टाका नंतरचा नव्हता.

रुचीने दुसरी वही उघडली, मग तिसरी. सात वर्षांत दिवारीचा उल्लेख होता. सातही ठिकाणी कार्तिक बदी अमावस.

पुष्पाबाई चहा घेऊन आल्या. दोघींचे चेहरे पाहून त्यांना वाटले, पाने खराब निघाली. त्या समजूत घालण्याच्या सुरात म्हणाल्या, "बाबाजी लय जपत होते पहा. तुमी तो कागद देऊन गेल्या ना, माझ्या पोरानं त्याइले त्यातलं चित्र समजावून सांगतलन. तं बाबाजी म्हने, दिवारीच्या मागं तलाव चढते काऊन? उतरते ना! मी म्हटली, एवढी शिकलेली बाई, तिले तुमच्याहून जास्त समजते. चूप रहा."

त्या स्वतःच हसल्या. दामिनीला आठवले, बकारामांनी हे तिच्याशीही बोलून पाहिले होते. प्रत द्यायला गेली त्या दिवशी पाळीवर उभे राहून ते म्हणाले होते, "तुमी लिहलं तं खरं असन, बाई. मी तं पाहलो नाई कधी." हा म्हाताऱ्याचा विनय, असे तिने धरले होते. समोर उभा असलेला माणूस एक सांगत होता आणि त्याचीच वही दुसरे सांगत होती, तेव्हा तिने वहीवर विश्वास ठेवला होता.

चहा निवून गेला. पुष्पाबाईंना काही न सांगता त्या परतल्या. वाटेत रुची एकदाच बोलली, तेही मागे न पाहता. "काही वर्षं सोडून देऊ, मॅडम. उरलेल्यांत थोडी तरी भर दिसन."

दिसली नाही. दामिनीने तीन आठवडे रोज सकाळी वर्गांच्या आधी बसून बावीस वर्षांच्या तारखा नव्याने लावल्या आणि प्रारूप पुन्हा चालवले. तलावाची रेषा दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कुठेही न अडखळता उतरत गेली. प्रारूपातला समुद्र पुन्हा पूर्वीइतकाच लवकर खारा झाला. गोड्या पाण्याचे ते जास्तीचे दिवस पुन्हा अनुत्तरित राहिले, जसे ती काम सुरू करण्यापूर्वी होते. चौदा वर्षांची तिची एकमेव ठळक गोष्ट शून्यावर येऊन बसली होती, आणि हे ठाऊक असलेली जगात दोन माणसे होती.

तिसरे माणूस कैलाश शर्मा. मुलाखतीची तारीख आली म्हणून ते फाइल घेऊन आले तेव्हा तिने त्यांना सांगून टाकले. त्यांनी दार लोटून घेतले.

"एक बात बताओ. वह्या उंदीर खाणार. बुढ़ऊ गेला. कळणार कुणाला?"

"रुचीला माहीत आहे."

"रुची तो सबसे ज़्यादा चुप रहेगी, मॅडम. तिचा पूरा थीसिस त्याच्यावर खडा आहे." ते खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इंटरव्ह्यू तक रुको. फिर जो पुण्य कमाना है कमाओ. एक निबंध काढला तर तुमचे पॉइंट बसत नाहीत. मी गणित करून पाहिलं, आत्ताच, मनातल्या मनात."

त्यांचे गणित बरोबर होते. तिनेही ते केले होते.

पदोन्नतीचे दुःख तिला होते, पण ते गिळण्यासारखे होते. रुचीचे तसे नव्हते. रुची एकतिसाव्या वर्षात होती. तासिकांवरचे काम मार्चमध्ये संपे आणि जुलैत पुन्हा मिळेल की नाही हे कुणी सांगत नसे, पीएच.डी. झाली तरच कायम नोकरीच्या रांगेत उभे राहता येणार होते. ती प्रयोगशाळेत आली, उभीच राहिली.

"सहा महिने थांबा, मॅडम. माझी तोंडी परीक्षा होऊ द्या. मंग तुम्हाला काय करायचं ते करा."

"सहा महिन्यांत आणखी वीस-पंचवीस जण ते वापरतील, रुची. त्यांच्यावर आणखी कोणी उभे राहतील."

"अन मी? मी त्या वीस-पंचवीसांत नाही का? माझंच कोणी नाही पाहत." तिचा आवाज चढला. "चूक तुमची. पंचांग तुम्ही नाही पाहिलं. मले तुम्ही आकडे दिले, मी घेतले. तीन वर्षं घेतले. आता तुम्ही मोठ्या मनानं कबूल करून मोकळ्या व्हाल, अन मी?"

 प्रबंधाचा विषय बदलू, मी मुदतवाढ मागते, असे दामिनी काहीतरी म्हणाली. ते किती तोकडे आहे हे दोघींनाही ऐकू आले.

रविवारी तिने आईला फोन केला. गीताबाई ऐंशीच्या घरात, केशोरीतच राहत. मुलगी समुद्राचे काय करते ते त्यांनी कधी विचारले नव्हते. आज दामिनीने जमेल तसे सांगितले.

"म्हंजे तिथी चुकली तुझी," गीताबाई म्हणाल्या.

"हो."

"अन किती लोकाइनं घेतलन ते?"

"दोनशे अडुसष्ट जणांनी."

"मंग सांगून टाक ना त्याइले. कायले एवढा विचार करून राहिली?"

"आई, सोपं नाहीये ते. एका मुलीचं नुकसान होतंय."

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मग गीताबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबानं एक साल धानाचं बियानं देल्लतं गावाले. भेसळ निंगाली. तं घरोघरी फिरला बिचारा, रोपाच्या खारीत टाकू नोका म्हनून. लोकाइनं शिव्या देल्ल्या. काही जनाइनं तोवर टाकूनई देल्लतं. त्याइच्यासाठी काही करता आलं नाई त्याले. पन फिरला."

त्याच दुपारी दामिनीने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिले. एक पान. वहीतल्या तिथी कोणत्या पंचांगाच्या आहेत याची खातरजमा लेखिकेने केली नव्हती. नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांनी प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे शंका व्यक्त केली होती, तिच्याकडेही लेखिकेने लक्ष दिले नाही. सबब निष्कर्ष टिकत नाही. बकारामांविषयीचे वाक्य तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले. पत्र पाठवण्यापूर्वी तिने रुचीला एका ओळीचा निरोप टाकला. उत्तर आले नाही.

निर्णय यायला चार महिने लागले. निबंधाच्या प्रत्येक पानावर, तिच्या नावावरून आणि बकारामांच्या नावावरूनही, तिरकस तांबडी अक्षरे आली: मागे घेतला. मुलाखत झाली नाही. कैलाश शर्मांनी फाइल परत आणून दिली, आणि "अगली बार, मॅडम," एवढेच म्हणाले. त्यानंतर व्हरांड्यातून आकडा ओरडून सांगणे थांबले. महाविद्यालयात तिला कुणी काही विचारले नाही. पण तिच्या लक्षात आले की इतर विभागांतली मुले आपल्या प्रकल्पांचे आकडे तपासून घ्यायला पूर्वी तिच्याकडे येत, ती आता येत नाहीत.

तांबडी अक्षरे उमटलेली प्रत घेऊन पुष्पाबाईंना सांगायला ती एकदा गेली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हंजे बाबाजीचं बरोबर होतं?"

"त्यांचं सगळं बरोबर होतं. माझं चुकलं."

"मंग त्याइचं नाव काऊन खोडलं?"

नाव खोडलेले नाही, निबंध खोडला आहे, असे तिने समजावायचा प्रयत्न केला. पुष्पाबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटले नाही. भिंतीवरची चौकट, जिच्यात निबंधाचे बकारामांचे नाव असलेले शेवटचे पान होते, त्यांनी काढली नाही. दामिनीने काढा म्हटलेही नाही.

दरम्यान तिने दोनशे अडुसष्ट जणांची यादी केली होती. निबंध मागे घेतला की नियतकालिकाचे काम संपते. ज्यांनी तो आधीच आपल्या लेखनात घेतला आहे त्यांना कुणी कळवत नाही. ती रोज दोन पत्रे पाठवू लागली. प्रत्येकाचा लेख उघडायचा, त्यात दुसरी भर कुठे आणि कशासाठी वापरली आहे ते पाहायचे, आणि त्याप्रमाणे लिहायचे. सतरा पत्ते बंद पडले होते. एक गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलीचे आभाराचे पत्र आले. काहींनी कळवले की आपला निष्कर्ष यावर अवलंबून नाही. बांगलादेशातल्या एकाने लांबलचक पत्र लिहिले. त्यात तो शेवटी म्हणाला होता की हे आपल्या अधिकाऱ्यांना सांगण्याची आपली हिंमत नाही, क्षमा असावी. बहुतेकांनी काहीच लिहिले नाही.

आणि आकडा वाढत होता. मागे घेतल्यानंतरही. दोनशे सत्तर, दोनशे पंचाहत्तर, दोनशे त्र्याऐंशी. जुन्या लेखांतली संदर्भसूची उचलणारी माणसे मूळ निबंध उघडून पाहत नव्हती. पूर्वी जो आकडा ती आठवड्यातून एकदा हौसेने पाहत असे, तो आता तिला रोज सकाळी पाहावा लागे, कारण प्रत्येक नवे नाव यादीत घालायचे असे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी रुची आली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच येत होती. तिच्या हातात मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज होता. नागपूरचे एक प्राध्यापक तिला घ्यायला तयार झाले होते. जुन्या मार्गदर्शकाची सही हवी होती.

"विषय काय घेतलास?" दामिनीने विचारले.

रुचीने अर्ज टेबलावर ठेवला. "तोच आहे, मॅडम."

"तोच?"

"सर म्हणाले, मॅडमनं आपला निबंध मागं घेतला, ठीक आहे. पण त्याच्यावरून लिहिलेले सत्तर-ऐंशी निबंध तर कोणी मागं नाही घेतले ना. त्यांचे संदर्भ दे. तुझ्या मॅडमचं नाव काढून टाक." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "तुमचं नाव कुठंच नाही राहणार. तुम्हाला काही त्रास नाही होणार."

"तुला माहीत आहे ते खोटं आहे."

"माहीत आहे."

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. मुलांचा गलका जिन्यावरून खाली गेला.

"दुसऱ्या भरीवरची ती तीन प्रकरणं काढून टाक, रुची."

"काढली तर काय उरते, मॅडम? मुखपृष्ठ?" हे ती रागाने म्हणाली नव्हती. खरेच विचारत होती. "जुलैत मले तास नाही भेटले. तिरोड्याले नवीन पोरगी घेतली, पीएच.डी. झालेली. तुम्ही सांगा, मी काय करू? तुम्ही सांगान तसं करते."

दामिनीने सांगायला तोंड उघडले. नवा विषय, आणखी तीन वर्षे, मुदतवाढ, जी मिळेल की नाही याची खात्री नाही. हे सगळे रुचीला पाठ होते. आणि ते सांगण्याचा अधिकार आपल्याकडे किती उरला आहे, हे दामिनीला ठरवता येईना. सही न करणे एवढेच तिच्या हातात होते. तेवढ्याने प्रबंध अडला असता आणि मुलगीही अडली असती.

तिने सही केली. तारीख घातली. शिक्का कपाटात होता. तो काढून उमटवला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

रुची वाकून पाया पडली. "रागावल्या का?"

"नाही. जा, पाच वाजता ऑफिस बंद होतं."

ती गेल्यावर दामिनीने संगणक सुरू केला. त्या दिवशीचे पहिले पत्र यादीतल्या दोनशे सदतिसाव्या नावाला होते, तुर्कस्तानातल्या कुणा बाईंना. तिने त्यांचा लेख उघडला, दुसरी भर कुठे आली आहे ते शोधले, आणि आता सवयीचे झालेले पहिले वाक्य लिहिले. पत्र गेल्यावर ती यादीच्या तळाशी आली आणि एक नवी ओळ घातली. रुची पटले, तिरोडा. लेखाचे नाव या रकान्यात प्रबंध असे लिहिले. पत्र पाठवल्याची तारीख हा रकाना तिने मोकळा ठेवला आणि यादी जपून ठेवून ती पुढच्या नावाकडे वळली.